पोलीस लिलावातली बोलेरो की शेतकऱ्याची?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं जुनी बोलेरो शोधणाऱ्यांपुढं दोनच पर्याय येतात, पोलीस खात्याच्या लिलावातली नाहीतर कुणाच्यातरी दारातली. लिलावातली स्वस्त, मीटरवर किलोमीटर कमी, आणि लोक तिथंच भुलतात. अहो बंदोबस्ताला चौकात तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभी असते ती, मीटर एक किलोमीटर सरकत नाही पण इंजिन झिजतच असतं, आयडलिंगवर डिझेल नीट जळत नाही, मग ईजीआरमध्ये (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळी साचते आणि इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या टर्बोलाही त्रास होतो. वर ड्रायव्हर बदलत राहणार, त्यामुळं क्लच कसा वापरलाय कुणालाच माहीत नाही. दिवा, सायरन, वायरलेस काढल्यावर छताला भोकं राहतात, वायरी कापून तशाच टेप मारलेल्या असतात, पावसाळ्यात पाणी आत जातं आणि गंज आतून खातो. छताचं कापड उचलून बघाच.

शेतकऱ्याच्या गाडीला मार चेसिस आणि सस्पेन्शनच्या पाट्यांना असतो, ऊसाच्या फडातले रस्ते तुम्हाला माहीतच आहेत की. पण ते खाली वाकलं की दिसतं, आणि मालक समोर असतो, विचारता येतं.

कागदांचंही बघा, १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षं ओलांडलेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते, म्हणजे तसली गाडी रस्त्यावर आणायचा विचारच सोडा. त्याहून नवी असली आणि ओळखीचा मेकॅनिक सोबत असला तरच लिलावाला जा, नाहीतर मी तरी थोडे जास्त पैसे देऊन दारातलीच घेईन.