वीनर लायब्ररी: किंडरट्रान्सपोर्टवर कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी

किंडरट्रान्सपोर्ट म्हणजे १९३८-३९ मध्ये नाझी राजवटीतून ज्यू मुलांना एकटं, आईबापांविना, आगगाडीनं ब्रिटनला पाठवण्याची मोहीम. या मुलांवरच्या कथा बऱ्याचदा एकाच जागी घसरतात. मूल लंडनला उतरतं आणि मग युद्धभर घरून चार-चार पानी पत्रं येत राहतात. प्रत्यक्षात ३ सप्टेंबर १९३९ नंतर जर्मनीशी थेट टपाल बंद झालं. तटस्थ देशात कुणी नातेवाईक नसेल, तर बहुतेकदा उरायचा तो रेड क्रॉसचा छापील संदेश-अर्ज: जास्तीत जास्त २५ शब्द आणि तेही फक्त घरगुती मजकुराचे. लंडनच्या वीनर होलोकॉस्ट लायब्ररीत निर्वासित कुटुंबांच्या कागदपत्रांत असे अर्ज आहेत. "आम्ही बरे आहोत" यापलीकडे त्यात काही मावत नाही, हे ते पाहिलं की कळतं आणि आपला अर्धा मसुदा आपणच खोडतो.

पत्ता २९, रसेल स्क्वेअर. त्याच नावाच्या ट्यूब स्थानकावरून चालत जाता येतं. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. जर्मन ज्यू आल्फ्रेड वीनर यांनी १९३३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये नाझी छळाच्या पुराव्यांचा हा संग्रह सुरू केला आणि १९३९ मध्ये तो लंडनला हलवला. त्यांची पत्नी आणि तीन मुली मात्र हॉलंडमध्येच अडकल्या आणि बेर्गेन-बेल्सनच्या छळछावणीत नेल्या गेल्या. जानेवारी १९४५ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत त्या चौघी स्वित्झर्लंडला पोहोचल्या, पण आई तिथे पोहोचताच गेली. ताटातूट हा या संस्थेचा नुसता अभ्यासविषय नाही.

सर्वांत मोलाचा भाग म्हणजे नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंवर झालेल्या देशव्यापी हल्ल्यांनंतर लगेच, काही आठवड्यांतच गोळा केलेली साडेतीनशेहून अधिक निवेदनं. मुलं एकटी पाठवायला आईबाप तयार का झाले, याचं उत्तर त्यांत आहे: वडील छळछावणीत, दुकान फुटलेलं, व्हिसासाठी रांगा. इंग्रजी भाषांतरं ऑनलाइन असल्यामुळे पुण्यात किंवा नागपुरात बसूनही वाचता येतात. लंडनची वारी करण्याआधी ती वाचून संपवावीत. वाचनकक्षातला वेळ त्यांच्यावर घालवणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

या साहित्यावर मसुदा घासून पाहिला की नेहमीच्या चुका चटकन दिसतात. गाडीत बसणाऱ्या मुलाच्या छातीवर पिवळा तारा दाखवतात (मुखपृष्ठावर तर हमखास). जर्मनीत तो ज्यूंना सप्टेंबर १९४१ पासून सक्तीचा झाला, तोवर या गाड्या थांबून दोन वर्षं उलटली होती. १९३८-३९ मधल्या मुलाच्या गळ्यात असायचा तो क्रमांकाचा पुठ्ठा. कागदपत्रांचं म्हणाल तर ऑक्टोबर १९३८ पासून ज्यूंच्या पासपोर्टवर लाल 'J' हे अक्षर, आणि जानेवारी १९३९ पासून पुरुषांच्या नावात सक्तीचं इस्राएल, स्त्रियांच्या नावात सारा. सोबत एक लहान बॅग आणि १० मार्क. आजीची सोन्याची साखळी अस्तरात शिवलेली दाखवायची असेल, तर सीमेवरच्या झडतीचा प्रसंगही लिहावा लागेल. हॉलंडमार्गे येणारी मुलं बोटीनं हार्विचला उतरत. ज्यांचं घर ठरलेलं नसे, ती जवळच्या डोव्हरकोर्टच्या उन्हाळी सुट्टीच्या छावणीत, ऐन थंडीत. तिथे शनिवार-रविवारी लोक मुलं निवडायला येत. लहान पटकन जात, चौदा-पंधरा वर्षांचे मुलगे मागे राहत. हा प्रसंग फार थोड्या कादंबऱ्यांत येतो, आणि खरं नाट्य तिथेच आहे.

वाचनकक्षात जायचं तर उघडण्याची वेळ संकेतस्थळावर आधी पाहावी, ओळखपत्र न्यावं, आणि मूळ कागद हवे असतील तर सूचीतले क्रमांक कळवून ते आगाऊ मागवावेत. आयत्या वेळी गेलात तर पुस्तकंच हाती लागतील. अर्थात पुस्तकंही कमी नाहीत. नाझी काळातलं मुलांसाठीचं प्रचारसाहित्यसुद्धा आहे, शाळेचे प्रसंग लिहिणाऱ्यानं ते चुकवू नये.

जर्मनीतल्या बाड आरोल्सेन इथल्या, नाझी काळात बेपत्ता झालेल्यांच्या शोध-संग्रहाची ब्रिटनमधली डिजिटल प्रत इथे आहे. तिचा उपयोग मुलांपेक्षा आईबापांचा माग काढायला होतो: कोणत्या यादीत नाव आहे, गाडी कुठे गेली, कागद कुठे संपतो. नावाची स्पेलिंगं तीन-चार तऱ्हांनी तपासावीत. पोलिश नाव जर्मन कारकुनानं लिहिलं की ओळखू येत नाही.

उणिवा आहेत. जुनी निवेदनं बहुतेक प्रौढांची. मुलांचा आवाज मिळतो तो बराचसा चाळीस-पन्नास वर्षांनंतरच्या आठवणींतून, म्हणजे शेवट ठाऊक झाल्यावर. आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडी तो शहाणपणा घातला की कथा खोटी वाटते. हस्तलिखित पत्रं अनेकदा जुन्या जर्मन वळणाची; मोडी न येणाऱ्यानं पेशवे दप्तर उघडावं, तशी गत होते. शिवाय एकेका मुलाच्या नोंदींची फाइल हवी असेल तर ती वर्ल्ड ज्यूइश रिलीफ या ब्रिटिश ज्यू मदतसंस्थेकडे असते, आणि ती त्या व्यक्तीला किंवा तिच्या कुटुंबालाच मिळते. कादंबरीकारानं तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नये.

बाहेर पडल्यावर पायीच ब्लूम्सबरी स्ट्रीटला जावं. ही मुलं आणणाऱ्या समितीसह निर्वासितांना मदत करणाऱ्या बहुतेक समित्यांची कार्यालयं तिथल्या ब्लूम्सबरी हाउसमध्ये होती.