मॅग्नमचं वेड आणि आमची ३१५: एका हंगामाच्या वापरानंतर

रायफलीचा विषय निघाला की हल्ली पोरांच्या तोंडी पहिला शब्द मॅग्नम, म्हणजे जास्त दारूचं, जास्त वेगाचं काडतूस. मोबाईलवर आफ्रिकेतले, अमेरिकेतले व्हिडिओ बघतात आणि मग मला विचारतात, "काका, ३१५नं रोही (नीलगाय) पडतो का? तीनशे विन्चेस्टर मॅग्नम घ्या की." मृगापासून संक्रांतीपर्यंत किनवटकडच्या आमच्या रानात वडिलांच्या वेळची दुनाळी बारा बोअर (छऱ्यांची बंदूक) आणि ईशापूरच्या कारखान्यातली ३१५ बोअरची रायफल, दोन्ही वापरून झाल्यावर हे लिहितोय.

आधी कायद्याचं. शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद आहे. मी सांगतोय ते पिकात घुसणाऱ्या रानडुकराबद्दल आणि रोह्याबद्दल, तेही वन विभागाची लेखी परवानगी हातात असेल तरच. पडलेलं जनावर सरकारजमा, पंचनामा होऊन त्याची विल्हेवाट लागते. काळवीट हरभरा कितीही खाऊ दे, ते त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, सगळ्यात कडक संरक्षणात आहे, त्याच्याकडे नळी वळवायची नाही. मटणाच्या आशेनं वाचायला घेतलं असेल तर इथंच थांबा.

आता आकडे, कारण वाद त्यांच्यावरूनच होतो. ३१५ची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे जवळपास १६ ग्रॅम, आणि वेग सेकंदाला साधारण २,००० फूट. ताकद निघते २,१०० ते २,२०० फूट-पाउंड. तीस-झिरो-सिक्स (.३०-०६) या अमेरिकन काडतुसात १८० ग्रेनची गोळी २,७०० फुटांनी जाते, २,९०० फूट-पाउंड. तीनशे विन्चेस्टर मॅग्नम तीच १८० ग्रेनची गोळी २,९६० फुटांनी फेकते, ३,५०० फूट-पाउंड. १९१२ची जुनी पावणेचारशे, म्हणजे .३७५ हॉलंड अँड हॉलंड, ३०० ग्रेनला २,५०० च्या वर वेग देते, ४,२०० फूट-पाउंडांच्या पुढे. कागदावर ३१५ सगळ्यात खाली.

पण ही काडतुसं कशासाठी निघाली ते बघा. .३७५ आफ्रिकेत रानरेड्यावर, सिंहावर चालायची. तीनशे विन्चेस्टर १९६३ची, अमेरिकेत एल्कसारखं मोठं हरीण दरीच्या पलीकडे तीन-चारशे मीटरवर उभं असतं, त्या अंतरासाठी. वेग जास्त म्हणून गोळी कमी खाली येते, दुरून नेम धरताना अंदाज कमी बांधावा लागतो. मॅग्नमचा खरा फायदा हा. आमच्या रानात तीनशे मीटर दिसतंय कुठं? सोयाबीन गुडघ्याच्या वर, तूर डोक्याएवढी, रात्रीची वेळ, टॉर्चच्या उजेडात चमकलेले डोळे. चाळीस-पन्नास मीटर, फार तर ऐंशी. तेवढ्यात ३१५ची गोळी खाली येत नाही की कमी पडत नाही. नर रोही दोनशे किलोच्या वर भरतो, पण मऊ नाकाची, आत शिरल्यावर पसरणारी जड गोळी पुढच्या पायाच्या मागं नीट बसली की तो लांब जात नाही.

मला जास्त धाक असतो तो गोळी जनावरातून निघून पुढं कुठं जाईल याचा. धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधापलीकडे, कुणाचा तरी आखाडा (शेतातली वस्ती) असतो, जागलीला आलेला सालगडी बाजेवर पडलेला असतो, नाल्याच्या काठाला बैलं बांधलेली असतात. रायफलीची कुठलीही गोळी मोकळी सुटली तर किलोमीटरभराच्या बरीच पुढं जाते, ३१५चीसुद्धा. म्हणून रायफल फक्त माळ्यावरून, म्हणजे मचाणावरून, नळी खाली जमिनीकडे. पावसाळ्यात काळी माती गोळी गिळून टाकते. मुरमाड, खडकाळ रानात मात्र गोळी उसळते, तिथं मी रायफल काढतच नाही. जमिनीवर उभं राहून सपाट रानात रायफल चालवणाऱ्याबरोबर मी बसणार नाही, मग तो कितीही मोठा नेमबाज असो.

बारा बोअरची गोष्ट वेगळी. एलजीच्या काडतुसात मोठे सहा-आठ छर्रे, पाऊण किलोमीटरच्या आत सगळे खाली पडतात. वस्तीजवळ तीच बरी. पण तीस-पस्तीस मीटरच्या पुढं छर्रे पांगतात. वयात आलेल्या नर डुकराच्या खांद्यावर कातडीखाली जाड चिवट ढाल असते, त्यात ते अडकतात आणि जखमी डुक्कर तुरीत शिरतं. सकाळी ते शोधायला कुणी तयार होत नाही, आणि शोधल्याशिवाय राहताही येत नाही. त्यामुळे दुनाळी फक्त अगदी जवळ, डुकरं धुऱ्यावरून उतरतात त्या वाटेवर.

३१५ची एक खोड सांगतो, दुकानदार सांगणार नाही. काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड आहे. मॅगझिनमध्ये भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढंच बसली पाहिजे. मागं गेली तर बोल्ट ढकलताना दोन्ही एकमेकांत अडकतात आणि अंधारात खडखड करत बसावं लागतं, तोवर कळप पसार. मी दिवसाउजेडी भरतो, प्रत्येक काडतुसाचं बूड अंगठ्यानं चाचपून. मॅग्नमवाल्यांना हा त्रास नाही, त्यांच्या बुडाला कडेऐवजी पट्टा असतो. एवढं एक त्यांचं मान्य.

धक्का दोन्हीचा सोसवतो. रायफलीला वजन आहे, तिनं खांदा दुखत नाही. दुनाळी हलकी, एलजीला चांगली लाथ मारते. मॅग्नमचा धक्का याहून बराच जास्त, आणि मोठ्या धक्क्याला माणूस घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटतो. सवयीनं जातं म्हणतात. पण सवयीला काडतुसं लागतात, आणि परवान्यावर मोजून मिळणारी काडतुसं उडवून सराव कोण करणार? बाहेरच्या मॅग्नमची तर मिळायचीच मारामार, मिळाली तरी भाव ऐकून माणूस खाली बसतो. ३१५ची देशातच बनतात, तरी ऐन सुगीत "माल नाही, पुढच्या महिन्यात या" हे ऐकावं लागलंच.

बाकी तक्रार हत्यारांची नाही, निवडणुकीची आहे. आचारसंहिता लागली की बंदुका ठाण्यात जमा. डुकराला काही आचारसंहिता नाही. आत्ताही दोन्ही तिकडंच आहेत, आणि उशिरा पेरलेला हरभरा सौर झटका मशीनच्या, म्हणजे झटका देणाऱ्या तारेच्या कुंपणाच्या, भरवशावर उभा आहे. तार बरी चालतेय, फक्त खालची जमिनीपासून वीतभरच ठेवावी लागते, नाहीतर पिल्लं खालून घुसतात. आणि तारेला गवत टेकलं की झटका मातीत उतरतो, म्हणून दर आठवड्याला विळा घेऊन फेरी मारणं आलंच.