.४५ कोल्ट सिंगल ॲक्शन: आठ महिने आणि दोन हजार काडतुसांनंतर

माझं रिव्हॉल्व्हर १८७३ च्या कोल्ट घडणीचं आहे. नेम धरायची खूण पक्की, न हलणारी, बाजूला भरणीचं झाकण, आणि दर वेळी अंगठ्याने घोडा चढवायचा. पूर्ण चढेपर्यंत चार टकटक ऐकू येतात, ते आजही मला मनापासून आवडतं. या जुन्या घडणीत भरायची काडतुसं पाचच. एक भरायचं, एक घर सोडायचं, पुढची चार भरायची, मग घोडा पूर्ण चढवून हळूच खाली आणायचा, म्हणजे तो रिकाम्या घरावर टेकतो. घोडा भरलेल्या काडतुसावर टेकला तर धक्क्याने ते उडू शकतं, म्हणून याला पर्याय नाही.

पहिले चार महिने मी लोड, म्हणजे गोळी आणि पावडरची (बंदुकीच्या दारूची) योग्य जोडी, शोधण्यात घालवले. २५५ ग्रेन (वजनाचं माप) वजनाची शिशाची गोळी, तीन प्रकारची पावडर, प्रत्येक वेळी काडतुसं भरण्याच्या मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापापासून थोडं थोडं वर. २५ यार्डांवर पाच गोळ्यांचा गट साडेचार इंचांच्या आत यायला तयार नाही, आणि पन्नासेक गोळ्यांनंतर नळीत शिशाचा थर. तो खरवडता खरवडता जीव नकोसा व्हायचा.

मग सिलिंडर काढून हातात घेतला आणि ०.४५२ इंचाची गोळी चेंबरच्या (काडतुसाच्या घराच्या) पुढच्या तोंडात ठेवली. ती तिथेच अडली. सहाही चेंबरमध्ये तेच. पेन्सिलीने हलकं ढकललं तर गोळी पार व्हायला हवी. मोजमाप करून घेतलं: तोंडं ०.४५० च्या आसपास, नळीतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा ०.४५१. म्हणजे गोळी बाहेर पडतानाच आवळली जात होती, नळीत सैल बसत होती, आणि कडेने निसटणारा गरम वायू शिसं वितळवत होता. पावडर बदलून यावर काय इलाज होणार!

गनस्मिथकडून सहाही तोंडं एकाच रीमरने (भोक मोठं करायच्या हत्याराने) ०.४५२५ करून घेतली. जुनाच लोड, गट दोन इंचांच्या आत. नंतर मार्करने चेंबरना आकडे घातले आणि प्रत्येकाचा गट वेगळ्या कागदावर पाडला. चार नंबर अजूनही थोडा डावीकडे मारतो, म्हणून अचूक नेमाच्या वेळी रिकामं ठेवायचं घर तेच.

बाकी बदलांपैकी पातळ लाकडी मूठ सर्वात सुखाची. मूळ मुठीत दणक्याने ट्रिगर गार्ड बोटाच्या पेरावर आदळायचा, ते थांबलं. घोड्याची हलकी स्प्रिंग मात्र मी काढून टाकली. चढवायला मऊ होती खरी, पण कडक प्रायमर (काडतुसाच्या बुडाची, दारू पेटवणारी टिकली) फुटेनात.

घरी काडतुसं भरणाऱ्यांना एक कळकळीने सांगतो. हे केस (काडतुसाचं कवच) मुळात ४० ग्रेन काळ्या दारूसाठी बनलं, त्यामुळे आजच्या जलद पावडरचं माप तळाशीच राहतं आणि चुकून दुप्पट पडलं तरी केस भरून वाहत नाही. गोळी बसवण्यापूर्वी मी प्रत्येक केसमध्ये टॉर्च मारून बघतो. मॅन्युअलमध्ये मजबूत रिव्हॉल्व्हरसाठी वेगळे तक्ते असतात. ते या घडणीसाठी नाहीतच.

नेम अजून अडीच इंच खाली लागतो. पुढची माशी (नळीच्या टोकाची नेमाची खूण) घासली की तो वर येईल, पण जड गोळी मुळातच वर लागते, त्यामुळे लोड ठरेपर्यंत कानस लावली नव्हती. आता लोड ठरला आहे. दोन फटके घासायचे, पाच गोळ्या झाडून बघायच्या, पुन्हा दोन फटके. घासलेलं लोखंड परत चिकटत नाही, म्हणून घाई करणार नाही.