पत्नीला भेट द्यायची ‘तोस्का’: १९५३ची की १९६२ची?

पत्नीसाठी पुच्चीनीच्या ‘तोस्का’ या ऑपेराचे कोणते ध्वनिमुद्रण घ्यावे, असे एका स्नेह्याने विचारले. गायिका मारिया कॅलास आणि वाद्यवृंद-संचालक दे साबाता यांचे १९५३चे मिलानमधील मुद्रण मोनो (एकाच ध्वनिवाहिनीचे) असल्याने वाद्यवृंद काहीसा दबलेला वाटतो; परंतु दुसऱ्या अंकातील नायिका तोस्का (कॅलास) आणि तीतो गोब्बीने गायलेला खलनायक स्कार्पिया यांची झुंज इतकी धारदार आहे की त्या उणिवेचा लवकरच विसर पडतो. गायिका लिओन्टाइन प्राइस आणि संचालक कारायान यांच्या १९६२च्या व्हिएन्नातील मुद्रणात स्टिरिओमुळे पहिल्या अंकाअखेरचे ‘ते देउम’ हे स्तोत्रगायन भव्य उमटते. लय मात्र अधूनमधून रेंगाळते. तोस्काचा प्रियकर कावारादोस्सी दोन्हींकडे गायक दी स्तेफानोच आहे, पण १९५३मध्ये त्याचा गळा अधिक ताजा होता. पत्नी नाट्यासाठी ऐकत असेल, तर कॅलास. घरी उत्तम स्पीकर असून ती ऑपेराकडे नुकतीच वळली असेल, तर प्राइस.