हाय-बॅक बूस्टर सीट, बरेच महिने वापरून: सीट मस्त, बक्कल लावताना मात्र जीव जातो

सीट कंपनीच्या कस्टमर केअरने काल माझी बक्कलाची तक्रार बंद केली, ‘रिझॉल्व्ह्ड’ असा मेसेजपण आला, म्हणून चिडून लिहायला बसलोय. स्पेसिफिकेशन तुम्ही वाचलेलीच असणार (आर१२९ म्हणजे मुलांच्या सीटचं सुरक्षा मानक, मुलाची उंची १०० ते १५० सेंटिमीटर, आयसोफिक्स म्हणजे सीट गाडीतल्या कड्यांना अडकवायचे दांडे, वरखाली होणारं हेडरेस्ट), ती परत टाइप करत नाही. ब्रँडचं नावही टाकत नाही, कारण माझं रडगाणं कुठल्याही रुंद बूस्टरला लागू होऊ शकतं, गाडी कुठली त्यावर आहे.

मुलगा सात पूर्ण, उंची ११९. हार्नेसवाली, म्हणजे स्वतःचेच पट्टे असलेली जुनी सीट १८ किलोपर्यंतच होती, ती कधीच संपली. आई म्हणाली, "अरे, मोठा झालाय आता तो, नुसता बेल्ट लाव की, खुर्च्या कसल्या घेत बसतोस." लावून बघितला नुसता बेल्ट. वरचा पट्टा थेट गळ्यावर, खालचा पोटावर, आणि पोरगं दोन मिनिटांत वरचा पट्टा काखेखाली सरकवून मोकळं. पट्टा पोटावर असला की धडकेचा सगळा झटका कमरेच्या हाडाऐवजी आतल्या अवयवांवर येतो, आणि काखेतून घेतला तर छाती धरायला काहीच उरत नाही. बूस्टर म्हणजे जादू नाही, पोराला थोडं वर उचलायचं आणि मोठ्यांचा बेल्ट मांड्यांवर आणि खांद्याच्या मधोमध आणायचा, संपलं काम. कायदा १४ वर्षांखालच्या मुलांना सीटबेल्ट नाहीतर चाइल्ड सीट लावा म्हणतो, नाही लावलं तर १००० रुपये दंड, पण बेल्ट गळ्यावर आहे की खांद्यावर हे कुठला पोलीस बघणार?

पाठ नसलेलं नुसतं बुडाचं बूस्टर याच्या चौथ्या हिश्श्यात येत होतं, आणि माझा स्वभाव बघता मी तेच घेतलं असतं. पण आर१२९मध्ये बिनपाठीचं १२५ सेंटिमीटरपासून पुढे चालतं, म्हणजे आम्हाला बाद. शिवाय हा मुलगा इगतपुरी यायच्या आत झोपतो. नाशिकहून ठाण्याला सासुरवाडीला सारखं जाणं होतं, आता समृद्धीवरून, तिथे गाड्या १२०ने पळतात, आणि झोपलेलं पोर बेल्टमधून बाजूला लोंबकळत असलं की पुढे बसून माझी मान दुखते. या सीटचे पंख त्यासाठी खरंच पैसावसूल. डोकं तिथंच टेकतं, खांद्याचा पट्टा जागचा हलत नाही. या एका गोष्टीसाठी मी हिला दहापैकी नऊ दिले असते.

आता बक्कल.

आमची हॅचबॅक आहे, मागे मधल्या सीटला नुसता कमरेचा पट्टा, तिथे बूस्टर लावायचंच नसतं, तीन पॉइंटचाच बेल्ट लागतो. म्हणून सीट डावीकडे. आयसोफिक्सचे दांडे खटाखट बसले, हिरवी खूण दिसली, मी खुश. मग पोराला बसवलं आणि बेल्ट ओढला तर बक्कल गायब. आमच्या गाडीचं बक्कल आखूड लवचिक पट्ट्यावर आहे, ते बरोब्बर बूस्टरच्या आर्मरेस्टच्या खाली जातं आणि फोममध्ये पालथं पडतं, लाल बटण खाली. मग एक हात बूस्टर आणि सीटच्या फटीत घालायचा, दोन बोटांनी बक्कल सुलटं करायचं, ते धरून ठेवायचं, दुसऱ्या हाताने बेल्टचं टोक खाली घालायचं, आणि तोवर पोराचं गुडघ्याने माझ्या पोटात चाललेलं असतं. क्लिक आवाज आला की जिंकलो. शाळेसमोर मागून रिक्षावाला हॉर्न मारतोय, पाऊस आहे, माझं अर्धं अंग गाडीबाहेर भिजतंय, असं रोज. बोटाचं साल निघालंय ते वेगळंच. सात वर्षांच्या मुलाला स्वतःचा बेल्ट स्वतः लावता यायला हवा ना हो, त्यासाठीच तर मोठी सीट!

सीट कंपनीला फोन केला. तिथल्या मॅडम म्हणाल्या, अनबॉक्सिंग व्हिडिओ आहे का सर? म्हटलं मॅडम, सीट फुटलेली नाहीये, बक्कल दिसत नाहीये. मग फोटो मागवले, पाठवले, उत्तर आलं की हा गाडीचा प्रॉब्लेम आहे. गाडीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो तर तिथला मुलगा म्हणतो, सर ही बाहेरची ॲक्सेसरी आहे, आपल्याकडे येत नाही. परत सीट कंपनी. असा टोलवाटोलवीचा खेळ कालपर्यंत चालला.

मधल्या काळात कुणीतरी बेल्ट एक्स्टेंडर, म्हणजे बेल्ट लांब करणारा जोड, सुचवला, बक्कल उंच येतं म्हणे. घेऊ नका. बक्कल वर आलं की खालचा पट्टा मांडी सोडून पोटाकडे सरकतो, म्हणजे ज्यासाठी बूस्टर घेतलं तेच गेलं. ऑनलाइन शोधायला गेलो की भलत्याच क्लिपा दिसतात, बेल्ट न लावता अलार्म गप्प करणाऱ्या. त्या २०२३मध्ये ग्राहक प्राधिकरणाने मोठमोठ्या साइट्सवरून काढायला लावल्या होत्या, लोकांची हौस काही जात नाही.

आता इथे माझं मत पलटलं ते सांगतो. वैतागून एका रविवारी मॅन्युअल नीट वाचलं. त्यात आयसोफिक्स वापरून आणि न वापरता, दोन्ही पद्धती दिल्यात. डोकं चालवलं तर बरोबरच आहे, लहान बाळाच्या सीटमध्ये आयसोफिक्स मुख्य भार घेतं, पण बूस्टरमध्ये पोराला धरून ठेवतो तो गाडीचाच बेल्ट. दांडे मुख्यतः बूस्टरला जागेवर धरतात. आणि नेमकं त्या जागेवर धरल्यामुळेच ते आमच्या बक्कलावर बसत होतं! दांडे आत ढकलले, सीट दोन बोटं दाराकडे सरकवली, पाठ मागच्या सीटला नीट टेकतेय ना, खांद्याचा पट्टा लाल गाइडमधून सरळ येतोय ना ते बघितलं, आणि बक्कल आलं की वर. आता पोरगं स्वतः लावतं, मी नुसता पट्टा ओढून ढिला नाही ना ते बघतो. म्हणजे आयसोफिक्स असलेल्या मॉडेलला मी जे जादाचे अडीच हजार मोजले ते सध्या सीटच्या पोटात घडी घालून पडलेत. बायको म्हणते सुटलास एकदाचा, मला अजून ते अडीच हजार दिसतात.

यात एक झंझट आहेच. दांडे नसले की रिकाम्या सीटलापण बेल्ट लावून ठेवावा लागतो, नाहीतर जोरात ब्रेक मारला की पाच-सहा किलोचा तो डबा पुढच्याच्या मानेवर येईल. मुलगा उतरतो आणि पळतो, बेल्ट कोण लावणार? मीच. पण रिकाम्या सीटला लावायला दहा सेकंद लागतात, लाथा बसत नाहीत.

बाकी किरकोळ. गाडीचं मागचं हेडरेस्ट काढून डिकीत टाकावं लागलं, ते असेल तर बूस्टरची पाठ तिरकी पुढे येते. आई तिथे बसणार असली की आठवणीने परत लावतो. कव्हर मशीनमध्ये धुतलं जातं, भेळ आणि चॉकलेट दोन्हीचे डाग गेले. काळा रंग घेऊ नका, एप्रिलमध्ये उन्हात लावलेल्या गाडीत हात ठेववत नाही. खांद्याच्या गाइडमध्ये पट्टा कधीतरी अडकतो, पोर पुढे वाकून मागे आलं की ढिला राहतो, तेवढं लक्ष ठेवा. मागे तीन जण बसवायचे असतील तर मधल्याचे हाल, आमच्या मेहुण्याने ठाण्यापर्यंत एका कुल्ल्यावर प्रवास केलाय.

घेणार असाल तर दुकानात जा आणि सीट दुकानाबाहेर आणून स्वतःच्या गाडीत ठेवून बघा, पोरालापण घेऊन जा, त्यालाच बक्कल लावायला सांगा. दुकानदार कुरकुर करेल, करू दे. ऑनलाइन घ्यायचीच असेल तर बुडाची रुंदी बघा आणि आपल्या गाडीत दारापासून बक्कलापर्यंत टेपने मोजा. बूस्टरलाच आयसोफिक्स हवं म्हणून जास्त पैसे देण्यात मला अर्थ वाटत नाही, रिकामी सीट बांधायचा कंटाळा असेल तर द्या. नारिंगी स्टिकरवर गोलातलं ई आणि आर१२९ आहे का तेवढं मात्र नक्की बघा, नुसतं ‘युरोपियन सेफ्टी’ असं खोक्यावर कुणीही छापतं.

आमची १५० सेंटिमीटरपर्यंत चालेल, म्हणजे अजून तीन-चार वर्षं तरी. शेजाऱ्यांनी आत्ताच नंबर लावून ठेवलाय, त्यांची गाडी मोठी आहे, त्यांना दांडेपण वापरता येतील. अडीच हजारांतले निम्मे तरी त्यांच्याकडून काढणार आहे.