सत्तर किलोमीटरसाठी पॅम-४ की कोहेरंट?

फायबरमधून डेटा पाठवायच्या या दोन पद्धती: पॅम-४ प्रकाशाच्या तीव्रतेच्या चार पातळ्या वापरतं, कोहेरंट तीव्रतेसोबत फेजही (प्रकाशलहरीची स्थिती) वापरतं. दहा किलोमीटरच्या आतली जोडणी असेल तर फार विचार करू नका, पॅम-४ घ्या. खरा प्रश्न ६० ते ८० किलोमीटरवरच्या दोन डेटा सेंटरचा. तिथेही पॅम-४ चे डीडब्ल्यूडीएम (एकाच फायबरवर अनेक तरंगलांबी चालवणारे) मॉड्यूल मिळतात, आणि कोटेशन शेजारी ठेवली की मन तिकडेच ओढ घेतं. आम्हीही तेच घेतले होते.

मला नडलं ते डिस्पर्शन, म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांबी वेगवेगळ्या वेगाने जाऊन सिग्नल पसरणं. साध्या फायबरवर १५५० नॅनोमीटरला ते किलोमीटरमागे सुमारे १७ पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर साचत जातं. ते भरून काढायला डीसीएम (उलटं डिस्पर्शन देणारं मॉड्यूल) लागतं आणि ते फायबरच्या लांबीशी जुळवावं लागतं. एका पावसाळ्यात खोदाईत आमची फायबर तुटली. पुरवठादाराने पहाटेपर्यंत दुसऱ्या रूटने जोडून दिली, पण तो रूट नऊ किलोमीटर लांबचा. पॉवर व्यवस्थित, ओटीडीआर (फायबरमधले दोष शोधणारं यंत्र) स्वच्छ, तरी लिंक येईना. सगळे स्प्लाइस (फायबरचे सांधे) तपासले, पॅच कॉर्ड बदलल्या. दुपारी लक्षात आलं, वाढीव नऊ किलोमीटरचे दीडशे पिकोसेकंद आड येत होते. वेगळं डीसीएम मागवून बसवलं. मूळ रूट सुरू झाल्यावर ते काढायला पुन्हा धावपळ.

अनेक जण दोष चार पातळ्यांना देतात. तो आहेच: दोन पातळ्यांच्या मानाने प्रत्येक आय (लगतच्या पातळ्यांमधली मोकळी फट) एक तृतीयांश उरते, म्हणजे साडेनऊ डेसिबल गेले, आणि ॲम्प्लिफायर सिग्नलसोबत नॉइजही वाढवतो. पण कोहेरंटच्या १६-क्वाम या मॉड्युलेशनमध्येही दोन्ही अक्षांवर चारच पातळ्या असतात. माझ्या मते लांब अंतरावर पॅम-४ हरतं ते रिसीव्हरपाशी. त्याचा फोटोडायोड फक्त तीव्रता पाहतो, फेज तिथेच हरवते. कोहेरंट रिसीव्हर आलेला प्रकाश स्वतःच्या लेझरशी मिसळून फेज राखतो, म्हणून त्याचा डीएसपी (सिग्नलवर आकडेमोड करणारी चिप) डिस्पर्शन आकडेमोडीनेच उलटवतो. ४०० झेडआर हे कोहेरंटचं मानक तर २४०० पिकोसेकंद प्रति नॅनोमीटरपर्यंत झेलतं.

कोहेरंट महाग आहे, जास्त तापतं, ४०० जीसाठी (सेकंदाला ४०० गिगाबिट) स्विचही तसा लागतो. आता १०० जीचे कोहेरंट मॉड्यूल क्यूएसएफपी-२८ या १०० जी स्विचमध्ये बसणाऱ्या आकारात येतात, त्यामुळे ती अडचण थोडी कमी झाली आहे. फायबर तुमची स्वतःची असेल आणि रूट हलणार नसेल, तर पॅम-४ चुकीचं म्हणवत नाही. भाड्याच्या डार्क फायबरवर (नुसती फायबर, उपकरणं आपली) मात्र मी कोहेरंटच लावेन. आम्ही आता तेच लावलं आहे. गेल्या पावसाळ्यात आमचा रूट दोनदा बदलला, आणि दोन्ही वेळा लिंक आपणहून वर आली.