ऐंशीच्या वेगातला आवाज : जॅकवर शोधावा की रस्त्यावर?

साठपर्यंत पिकअप गप्प असते, सत्तरच्या पुढं घरघर सुरू होते आणि ऐंशीला शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. असा आवाज मागं लागला की दोन मार्ग असतात. एक, गाडी गॅरेजला नेऊन जॅकवर चढवायची आणि मिस्त्रीला एकेक चाक फिरवून पाहू द्यायचं. दुसरा, मिस्त्रीला शेजारच्या सीटवर बसवून गाडी हायवेला काढायची आणि आवाज येतो तिथंच तो तपासायचा. दोन्ही मार्ग मी करून पाहिलेत, तेव्हा माझ्या अनुभवापुरतं सांगतो.

जॅकची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. पुढच्या चाकाचं बेरिंग ढिलं झालं असेल तर चाक वर-खाली धरून हलवताच प्ले, म्हणजे ढिलेपणा, हाताला लागतो. मागच्या चाकाला पाट्यावर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर, एक हात ठेवून दुसऱ्या हातानं चाक फिरवलं, तर खराब बेरिंगची खरखर बोटांना कळते. टायरवरून तळहात आधी एका दिशेनं आणि मग उलटा फिरवला, एका बाजूनं गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूनं करवतीसारखं लागलं, तर टायर वाकडा खाल्ला गेलाय हे गाडी न हलवता समजतं. शिवाय यात भरधाव रस्त्यावर कुणाचा जीव टांगणीला लागत नाही. आवाज कमी वेगातही येत असेल, तर मीसुद्धा आधी जॅकच लावायला सांगेन.

पण माझी गाडी जॅकवर आवाजच काढत नव्हती, आणि माझा निर्णय तिथंच झाला. अंबडकडून मोसंबी भरून निघालं की गाडी शांत. माल उतरवून रिकामी परत निघाली की सत्तरनंतर घरघर. गॅरेजला चेसीखाली जॅक लावला, मागची चाकं हवेत गेली, हातानं फिरवली तर सगळं गुळगुळीत. तरी "बेरिंगच असणार दादा" म्हणत मागची दोन्ही बेरिंगं बदलली गेली. बिल दिलं, गाडी बाहेर काढली, आणि शहर संपताच तीच घरघर पुन्हा सुरू.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. हवेतल्या चाकावर गाडीचं वजन नसतं, आणि थोडं खराब झालेलं बेरिंग वजनाशिवाय बऱ्याचदा आवाज करतच नाही. हाताचा वेग आणि हायवेचा वेग यांत तर जमीन-अस्मानाचं अंतर. ऐंशीला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. पिकअपच्या टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास धरला, तर चाक सेकंदाला 10 फेरे घेतं आणि इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडं नेणारा शाफ्ट त्याच्या साधारण चौपट. तो वेग हातानं कसा येणार? त्यात जॅक चेसीखाली असला की हौसिंग, म्हणजे मागच्या दोन चाकांमधली आडवी लोखंडी पेटी, खाली लोंबतं आणि शाफ्टचा कोन पार बदलतो. मग कधी खरा आवाज दबतो, तर कधी रस्त्यावर नसलेलाच एखादा नवा ऐकू येतो. जॅकवरच पाहायचं असेल तर निदान आधार हौसिंगखाली द्यायला सांगा.

रस्त्यावर मात्र एकेक संशयित बाजूला काढता येतो. मोकळा, सरळ रस्ता बघून वेग धरायचा आणि क्लच दाबून गाडी न्यूट्रल करायची. आवाज इंजिनासोबत उतरला तर दोष पुढं इंजिनाकडं, तसाच राहिला तर चाकं, शाफ्ट किंवा डिफरन्शियलकडं, म्हणजे हौसिंगमधल्या गिअरांकडं. चावी मात्र बंद करायची नाही; ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की एक सूर आणि सोडला की दुसरा, असं असेल तर क्राउन-पिनियनवर, म्हणजे डिफरन्शियलमधल्या गिअरच्या जोडीवर, संशय घ्यावा. स्टिअरिंग हलकंसं डावीकडं वळवल्यावर आवाज वाढला तर बहुधा उजव्या चाकाचं बेरिंग, कारण वजन त्या बाजूला जातं. टायरचा आवाज रस्त्यासोबत बदलतो. समृद्धीच्या काँक्रीटवरून जालन्याच्या इंटरचेंजला उतरून डांबराला लागलात की तो फरक कानालाच कळेल. ताडपत्रीचा सुटलेला पट्टासुद्धा चांगलाच घुमतो; वाऱ्याच्या दिशेप्रमाणं जाताना एक आणि येताना दुसरा आवाज आला तर आधी तो आवळा.

माझ्या गाडीत यातल्या कशानंच फरक पडेना. न्यूट्रलला आवाज तोच, वळवून तोच, डांबरावरही तोच. फरक पडायचा तो फक्त वजनानं. शेजारी बसलेल्या मिस्त्रीनं तेवढ्यावरूनच सेंटर बेरिंगचं नाव घेतलं. लांब पिकअपला शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो आणि मधला आधार रबरात बसवलेला असतो. रिकाम्या गाडीचे पाटे वर उठतात, शाफ्टचा कोन बदलतो, आणि रबर फाटलेलं असलं की तो थरथरायला लागतो. खाली शिरून पाहिलं तर रबराला आरपार चीर होती.

रस्त्याच्या तपासणीला अडचणी आहेत, हे मान्य. गॅरेज सोडून बरोबर येणारा मिस्त्री सहज मिळत नाही आणि त्याच्या वेळेचे पैसे वेगळे द्यावे लागतात. समृद्धीवर मालगाडीला मर्यादाच 80 ची आहे आणि मध्येच थांबून पाहता येत नाही, त्यामुळं थांबून करायच्या चाचण्यांसाठी दुसरा रस्ता धरावा. कुणाच्या गाडीत प्रकार वेगळाही निघेल. तरी मला विचाराल, तर एकही पार्ट बदलण्याआधी मिस्त्रीला सोबत घेऊन एक फेरी भरलेल्या गाडीची आणि एक रिकामीची मारा. परतल्यावर जोरात ब्रेक न मारता गाडी हळूहळू थांबवा आणि चारही हबजवळ, म्हणजे चाकांच्या मधल्या भागाजवळ, हात नेऊन पाहा. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला असेल, तर तेच चाक जॅकवर घ्यायला सांगा.